कोकणात कायमचं राहायचं तर आधी तालुका पारखा, मग वाडी. जमीन सगळ्यांत शेवटी

कोकणात येऊन राहायचं म्हणणारा माणूस पहिला प्रश्न विचारतो तो गुंठ्याच्या भावाचा. दुसरा, समुद्र दिसतो का? हे दोन्ही प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. घरचं पाणी, घरचा तांदूळ, आणि आठ-पंधरा दिवस वीज, रस्ता, फोन गेला तरी न अडणारं घर असं ज्यांच्या डोक्यात आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. मुंबईतलं बिऱ्हाड हलवून मी इकडे आलो तेव्हा प्रत्येक जण आपल्याच गावाची शिफारस करत होता. तालुका कसा जोखायचा हे मात्र कुणी सांगत नव्हतं.

एक गोष्ट सुरुवातीलाच. कोकणातला तालुका एकसारखा नसतो. किनाऱ्याची खलाटी, मधली सड्यांची (कातळाच्या पठारांची) आणि डोंगरांची वलाटी आणि सह्याद्रीचा पायथा, या तिन्ही पट्ट्यांची दुखणी वेगळी. खलाटीत वादळ आणि खारं पाणी, सड्यावर टंचाई, पायथ्याला दरड. त्यामुळे ‘दापोली चांगली की कुडाळ’ या वादाला फारसा अर्थ नाही. तालुक्यावरून कळतं ते दवाखाना, वाटा आणि बाजार यांचं. बाकीचं सगळं वाडीवर ठरतं.

१. घरबसल्या मिळवायचे कागद

गाडीला किल्ली लावण्याआधी एवढं हातात असू द्या:

- पाणीटंचाई कृती आराखडा. दरवर्षी तयार होतो. कुठल्या वाडीला टँकर लागणार, कुठे विंधन विहीर प्रस्तावित आहे, हे त्यात नावानिशी असतं. पंचायत समितीत मागा, आणि एकाच वर्षाचा नको, मागच्या चार-पाच वर्षांचे मागा. दरवर्षी त्याच यादीत दिसणारी वाडी तिथेच खोडा.
- जिल्हा आपत्ती व्यवस्थापन आराखडा. जिल्ह्याच्या संकेतस्थळावर असतो. पूरप्रवण आणि दरडप्रवण गावांच्या याद्या त्यात बघा.
- पूररेषेचा नकाशा. जलसंपदा विभागाचा. निळी रेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. सगळ्या नद्यांच्या रेषा आखलेल्या नाहीत, म्हणून नकाशा नाही याचा अर्थ पूर नाही असा काढू नका.
- सीआरझेडचा, म्हणजे किनारी नियमन क्षेत्राचा नकाशा. समुद्राच्या भरतीरेषेपासून ५०० मीटरपर्यंतची आणि खाडीकाठची जागा घ्यायचा विचार असेल तर.

कार्यालयात कागद सहज मिळाला नाही तर माहितीच्या अधिकारात अर्ज टाका. वेळ लागतो, पण पैसे वाचतात.

२. पाणी: वैशाखात बघा

रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि एप्रिल-मेमध्ये त्याच गावांत टँकर फिरतात. कारण खडकात आहे. इथला लाल, सच्छिद्र जांभा दगड म्हणजे चाळणी. पाणी पडलं की खाली उतरतं, सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर येतं आणि पऱ्या-वहाळाने खाडीला मिळतं. म्हणून जुन्या वाड्या कुठे वसल्यात ते नीट बघा: सड्याच्या खाली, भातखाचरांच्या वर, झऱ्याच्या हाताशी. आजच्या जाहिरातीतले प्लॉट नेमके सड्याच्या माथ्यावर असतात, कारण तिथून समुद्र दिसतो आणि तिथली जमीन स्वस्त असते. ती स्वस्त का, हे पाणी शोधायला लागलं की कळतं.

विहीर पावसाळ्यात किंवा गणपतीत बघण्यात अर्थ नाही, तेव्हा कोकणात प्रत्येक विहीर भरलेलीच असते. वैशाखाच्या दुसऱ्या पंधरवड्यात जा आणि पुढच्या गोष्टी करा:

- दोरीला दगड बांधून सकाळी पाण्याची खोली मोजा. तासभर पंप लावून उपसा आणि पूर्वीच्या पातळीला यायला किती वेळ लागतो ते बघा. पाणी किती आहे यापेक्षा ते किती वेगाने परत भरतं हे महत्त्वाचं.
- चव घ्या. खाडीजवळच्या विहिरी उन्हाळ्यात मचूळ होतात. तिथे बोअर मारून जोराने उपसा केला तर खारं पाणी आत ओढलं जातं, आणि त्याचा त्रास शेजाऱ्यांच्या विहिरींनाही होतो.
- विहिरीवर कुणाकुणाचा हक्क आहे ते विचारा. सातबाऱ्यावर विहिरीची नोंद आणि ‘इतर हक्क’ दोन्ही वाचा.
- सह्याद्रीकडच्या गावांत उंचावरच्या झऱ्यावरून पाइप टाकून विजेशिवाय घरात पाणी येतं. असं बारमाही पाणी असलेली जागा दिसली तर इतर उणिवा थोड्या पोटात घाला. फक्त झरा कुणाच्या जमिनीत आहे, ते लेखी करून घ्या.

छपराच्या पाण्याचा हिशोब सोपा आहे. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. १०० चौरस मीटर छप्पर आणि ३,००० मिलिमीटर पाऊस, म्हणजे कागदावर तीन लाख लिटर. पण तो पडतो चार महिन्यांत, आणि लागतो उरलेल्या आठांत. चार माणसांना पिण्या-रांधण्यापुरतं रोज २० लिटर धरलं तर ऑक्टोबर ते मे या काळासाठी ४,८०० लिटर. एक पाच हजारी टाकी पुरली. तेच माणशी ५५ लिटरने धरलं तर सुमारे ५३ हजार लिटर होतात आणि टाकीचा खर्च वेगळ्याच पातळीवर जातो. माझा सल्ला असा: पिण्याचं पाणी छपराचं साठवा, वापराचं विहिरीवर ठेवा. विहीर नसेल तर ती जागा सोडा.

३. पूर आणि उधाण

२२ जुलै २०२१ ला चिपळुणात वाशिष्ठी बाजारपेठेत शिरली. २६ जुलै २००५ लाही शिरली होती. महाडला सावित्री आणि गांधारी, खेडला जगबुडी, राजापूरला अर्जुना आणि कोदवली, बांद्याला तेरेखोल. खाडीच्या तोंडापासून आत वसलेल्या कोकणातल्या बहुतेक जुन्या बाजारपेठांची हीच गोष्ट. गलबतं वर येत होती तिथवर बाजार वसले, आणि पाणीही तिथवरच येतं.

पावसाचं पाणी समुद्राला जायच्या वेळी भरती असेल तर ते खाडीत तुंबतं. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमाराला उधाण असतं, तेव्हा ही अडचण जास्त. अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा कमी. म्हणून हवामान खात्याचा लाल इशारा आणि उधाण एकाच दिवशी आले की शहाणी माणसं दुकानातला माल वर चढवतात.

तपासायचं कसं? तालुक्याच्या बाजारात जाऊन कुठल्याही दुकानदाराला विचारा, ‘एकवीस साली पाणी कुठवर होतं?’ हात वर करून भिंतीवर दाखवतील. तुमचं घर डोंगरावर असलं तरी हा प्रश्न तुमचाच आहे, कारण औषधाचं दुकान, बँक, रेशन आणि गॅसची एजन्सी तिथेच खाली आहे. दोन वेगवेगळ्या खोऱ्यांतले दोन बाजार गाठता येतील अशी जागा असेल तर उत्तम.

वरच्या अंगाला मातीचं धरण आहे का, तेही विचारा. चिपळूण तालुक्यातलं तिवरे धरण २ जुलै २०१९ च्या रात्री फुटलं आणि खालच्या वाडीतली घरं माणसांसकट वाहून गेली. धरणाच्या खाली नदीकाठची सपाट, सुपीक, स्वस्त जागा कितीही मोहात पाडो, तिथे शेती करा, घर बांधू नका.

४. दरड

२००५ मध्ये महाड तालुक्यातली जुई आणि दासगाव, २०२१ मध्ये त्याच तालुक्यातलं तळीये, २०२३ च्या जुलैत खालापूर तालुक्यातली इर्शाळवाडी. जुनी वाडी आहे म्हणून निर्धास्त राहावं, असं यानंतर म्हणता येत नाही.

उतारावर चालत जा आणि बघा: जमिनीला चंद्रकोरीसारख्या भेगा, एका बाजूला कललेली झाडं आणि विजेचे खांब, अचानक गढूळ झालेला किंवा जागा बदललेला झरा, घराची दारं पावसात अडकायला लागणं. यातलं काही दिसलं तर वाडीतल्या म्हाताऱ्या माणसाशी बसून बोला. त्यांना सगळं ठाऊक असतं, पण जमीन बघायला आलेल्यासमोर आपणहून कुणी बोलत नाही. एकदा संध्याकाळी, दलाल सोबत नसताना जा.

सगळ्यात मोठा सापळा जेसीबीचा. डोंगर कापून पायऱ्या पाडलेले, वर हिरवळ लावलेले, ‘सी व्ह्यू’ प्लॉट. जांभ्याखाली मऊ मातीचा थर असतो. पायथा कापला की वरचा भार पेलणारं काही उरत नाही. आणि कापून काढलेली माती जिथे ढकलली, त्या भरावावरचा प्लॉट तर फुकट मिळाला तरी घेऊ नये.

५. वादळ

पूर्वी कोकणात वादळाची फारशी चर्चा नव्हती. नोव्हेंबर २००९ मध्ये ‘फयान’, ३ जून २०२० ला ‘निसर्ग’, मे २०२१ मध्ये ‘तौक्ते’. निसर्ग श्रीवर्धन-दिवेआगरच्या पट्ट्यात जमिनीवर आलं. मंडणगड-दापोलीपर्यंत पोफळी आणि माड आडवे झाले, काही गावांत वीज यायला आठवडे लागले. मोबाइलचे मनोरे बंद, त्यामुळे फोनवरून पैसे देणंही बंद. घरात थोडी रोकड ठेवायची सवय तेव्हापासून बऱ्याच जणांनी लावून घेतली.

वरच्या तारखा बघा. तिन्ही वादळं पावसाळ्याच्या कडेला आलेली आहेत, म्हणून घराची तयारी मेच्या मध्यापर्यंत संपलेली हवी. घर बघताना पत्रे नुसते खिळ्यांवर आहेत की हुकांनी आवळलेले, छपरावर झुकलेला जुना आंबा किंवा माड आहे का, पश्चिमेकडून वाऱ्याला काही आडोसा आहे का, एवढं बघा. सहा-सात किलोमीटर आत, एखाद्या टेकडीच्या पूर्वेला असलेली वाडी समुद्रकाठच्या बंगल्यापेक्षा कितीतरी बरी.

६. वाटा आणि दवाखाना

प्रत्येक तालुक्यासाठी कागदावर लिहा: महामार्ग किती दूर, रेल्वे स्थानक किती दूर, घाटावर जायची वाट कुठली. चिपळूणला कुंभार्ली, रत्नागिरी-संगमेश्वरला आंबा, राजापूरला अणुस्कुरा, वैभववाडीला करूळ आणि भुईबावडा, कणकवलीला फोंडा, सावंतवाडीला आंबोली. पावसाळ्यात यांतला एखादा तरी घाट दरडीने बंद असतोच. मंडणगड, दापोली, गुहागर यांना स्वतःचा घाट नाही. खेड-चिपळूण अडलं की त्यांची वाट अवघड होते. दाभोळ-धोपाव्यासारख्या फेरीबोटी सोयीच्या आहेत, पण खवळलेल्या पाण्यात त्या बंद ठेवतात. कोकण रेल्वेही पावसाळ्यात वेगळ्या, संथ वेळापत्रकाने धावते. नियम एकच: दोन वाटा, आणि दोन्ही एकाच पुलावरून किंवा साकवावरून जाणाऱ्या नकोत.

दवाखान्याचा प्रश्न म्हणजे मुख्यतः सापाचा. इथे नाग, मण्यार, घोणस आहेतच, पण कातळावर आणि लाकडांच्या ढिगात फुरसं सगळ्यात जास्त. प्राथमिक आरोग्य केंद्रात जाऊन सरळ विचारा: सर्पदंशाची लस आत्ता किती आहे, रात्री डॉक्टर कुठे राहतात, पुढे कुठे पाठवतात? सावंतवाडी-दोडामार्गकडची गंभीर माणसं गोव्यात बांबोळीच्या सरकारी रुग्णालयात नेतात, चिपळूण-संगमेश्वरकडची बरीच डेरवणच्या रुग्णालयात. मधलं अंतर पावसाळी रात्रीच्या वेगाने मोजा. विंचवाची धास्ती मात्र पूर्वीइतकी राहिली नाही, महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी प्राझोसिन या औषधाचा उपचार रूढ केल्यापासून हे दुखणं आटोक्यात आलं. लावणीच्या दिवसांत चिखलात उतरणार असाल तर लेप्टोची (उंदरांच्या मुताने दूषित पाण्यातून होणाऱ्या तापाची) माहिती घ्या. दोडामार्गकडे गोचिडीतून होणाऱ्या माकडतापाचीही.

७. पोटापुरतं पिकेल का

चौघांच्या घराला वर्षाला ४०० किलो तांदूळ धरा. त्याला ६०० किलोच्या वर भात लागतं. गुंठ्याला ३० किलो भात धरलं तर वीस-बावीस गुंठे, आणि बियाणं, पाहुणे, पडलेलं वर्ष धरून तीस. हे तीस गुंठे खाचराचे हवेत, ज्यात पाणी उभं राहतं. वरकस उतारावर नाचणी, वरी होते. भात काढल्यावर ओलीवर कुळीथ, पावटा, चवळी. हापूसची किंवा काजूची बाग म्हणजे रोकड. ती अवकाळीने गेली तर त्या वर्षी ताटात काही येत नाही. स्वावलंबनाच्या गप्पा मारत फक्त कलमं लावणाऱ्यांना मी हे नेहमी ऐकवतो. त्यांना राग येतो.

खाडीकाठची खार जमीन घेताना बांध बघा. तो फुटला तर पुढची काही वर्षं मीठ शेतातून जात नाही. अशा जमिनीसाठी ‘पनवेल’ मालिकेतली खार सोसणारी भातं आहेत. दापोलीच्या कृषी विद्यापीठात चौकशी करा.

गावातली शेती पडीक का आहे, हे विचारल्यावर दोन उत्तरं येतील. माणूस मिळत नाही, आणि वानर-डुकरं ठेवत नाहीत. दुसरं उत्तर गंभीरपणे घ्या. आजूबाजूचं सगळं पडीक असताना तुमचं एकट्याचं हिरवं शेत राखणं जवळजवळ अशक्य असतं. दोडामार्गात हत्ती, सह्याद्रीच्या पायथ्याला गवे. जिथे निदान चार-पाच घरं लागून भात करतात तिथेच शेत बघा.

परदेशी व्हिडिओ बघून महागडी डबाबंद रसद मागवू नका. आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीच्या साठवणीची तयारी इथल्या प्रत्येक घराला येते: तांदूळ, कुळीथ, कांदे-लसूण, सुका जवळा, सुकट, बोंबील, आमसुलं, मीठ, पडवीत रचलेली सुकी लाकडं, नारळ. शेजारच्या काकूंकडून यादी लिहून घ्या.

८. वीज

थोडक्यात: छपरावरच्या सौर यंत्रणेला केंद्राच्या योजनेत, ती तीन किलोवॅट किंवा त्याहून मोठी असेल तर, ७८ हजार रुपयांपर्यंत अनुदान मिळतं, पण साधी ग्रिडला जोडलेली यंत्रणा महावितरणची वीज गेली की आपणही बंद पडते. आपत्तीसाठी हवी तर बॅटरी आणि हायब्रिड इन्व्हर्टर लागतो, हे विक्रेता आपणहून सांगेलच असं नाही. जुलैच्या ढगांत उत्पादन खूप घसरतं. फ्रिजपेक्षा पंप, दिवे आणि फोन यांचाच हिशोब धरा. विहिरीला रहाट ठेवा.

९. वाडीत जुलैत किती चुली पेटतात

मेमध्ये आणि गणपतीत वाडी गजबजलेली असते, चाकरमानी आलेले असतात. जुलैच्या एखाद्या संध्याकाळी जा आणि दिवा असलेली घरं मोजा. त्यांत चाळिशीच्या आतली माणसं किती? दरड कोसळली की सरकारी पथक पोचायला वेळ लागतो. तोवर जे काही होतं ते वाडीतली पोरंच करतात.

गावकी, देवस्थान, शिमग्याची पालखी यांत नव्या माणसाला जागा कशी मिळते, हे बघा. वर्गणी द्या, कामाला हात लावा, पहिली दोन वर्षं ग्रामसभेत फक्त ऐका. वाडीत दोन तट असतील आणि जमीन विकणारा एका तटाचा असेल, तर ती जमीन घेताच तुम्हीही त्या तटाचे होता.

१०. जमिनीचे कागद

इथवर जागा टिकली तरच पुढे या. सर्वात आधी: शेतजमीन घ्यायला तुम्ही शेतकरी असावं लागतं. १९४८ च्या कूळ कायद्याचं कलम ६३ बिगरशेतकऱ्याला परवानगीशिवाय शेतजमीन घेऊ देत नाही. ‘दाखला करून देतो’ म्हणणाऱ्या दलालापासून लांब राहा. खोट्या दाखल्यावरची खरेदी पुढे सरकारजमा होऊ शकते. शेतकरी नसाल तर बिनशेती जागा, हा सरळ मार्ग आहे. शेतजमीन खंडाने घ्यायलाही हेच कलम आड येतं.

पिशवीत हे कागद हवेत:

- सातबारा, आठ-अ, आणि जितके मागे जाता येईल तितके फेरफार
- गटाचा नकाशा आणि भूमी अभिलेखची हद्द कायम मोजणी
- वकिलाचा ३० वर्षांचा शोध अहवाल, आणि वर्तमानपत्रातली जाहीर नोटीस
- नगररचनेचा झोन दाखला
- रस्त्याच्या वहिवाटीचा लेखी पुरावा
- वीज जोडणी आणि विहिरीचा हक्क यांचे कागद

वाचताना कुठे थांबायचं? कोकणातल्या सातबाऱ्यावर एका गटात तीस-चाळीस नावं सहज असतात. त्यांतली निम्मी मुंबईत, काही हयात नाहीत. सगळ्यांच्या सह्या झाल्याशिवाय ‘माझा हिस्सा’ विकणाऱ्याला पैसे देऊ नका. ‘इतर हक्कां’त कुळाचं नाव, वनाचा शेरा, कूळ कायद्याच्या कलम ४३ चं विक्रीवरचं बंधन आहे का बघा. भोगवटादार वर्ग २ असेल तर परवानगीशिवाय विक्री होत नाही. सिंधुदुर्गात आकारीपड (सारा थकल्याने सरकारजमा झालेली जमीन) आणि आंबोली-गेळे-चौकुळकडे कबुलायतदार गावकर (गावकऱ्यांच्या सामाईक वहिवाटीची जमीन), हे शब्द दिसले की तिथल्याच वकिलाकडे जा. आणि झाडं! जमीन एकाची, त्यावरचा आंबा दुसऱ्याचा, असंही असतं.

११. भाड्याने एक वर्ष

एक आषाढ आणि एक वैशाख त्याच वाडीत भाड्याने काढा. मुंबईवाल्यांची बंद घरं भरपूर आहेत. राखण होते म्हणून मालकही तयार होतात. भाड्यापेक्षा डागडुजी आणि शाकारणीचा खर्च कुणी करायचा, ते आधी ठरवा. या वर्षात वीज किती वेळा आणि किती तास गेली, रस्ता कधी बंद झाला, विहिरीची पातळी दर महिन्याला किती, हे एका वहीत लिहा. भिंतीवर नंबर चिकटवा: ११२, रुग्णवाहिकेला १०८, जिल्हा आपत्ती कक्षाला १०७७, त्यांच्या वर सरपंच, पोलीस पाटील, वायरमन आणि वाडीत साप पकडणारा कोण असेल त्याचा.

माझ्यापुरतं विचाराल तर राजापूर-लांजा आणि कणकवली-कुडाळ या पट्ट्यातली, महामार्ग-रेल्वेपासून अर्ध्या तासावरची, पण नदीपासून उंच असलेली वलाटी मला सर्वांत भरवशाची वाटते. तिथून समुद्र दिसत नाही. विसार द्यायची वेळ आली की तो मेअखेरीस द्या, विहीर पुन्हा एकदा मोजून.